देवालय कीं दरबार ? मेक्सिकोच्या राष्ट्रीय संग्रहालयाविषयीं कांहीं विचार

ग्रंथाचें परीक्षण करावें, नाटकाचें करावें, चित्रप्रदर्शनाचेंही करावें, ही गोष्ट आपल्याकडे आतां सर्वमान्य झाली आहे. परंतु एखाद्या वस्तुसंग्रहालयाचें परीक्षण करावयाचें म्हटलें कीं सुशिक्षित वाचकासही तें थोडें चमत्कारिक वाटतें. संग्रहालयांत काय, जुन्या वस्तु मांडून ठेवलेल्या असतात. त्यांत गुणदोष ते कशाचे पाहावयाचे? ही समजूत बरोबर नाहीं. वस्तु जुन्या असल्या तरी त्यांची निवड नवी असते. कोणती मूर्ति उजेडांत ठेवावी आणि कोणती कोपऱ्यांत, कोणत्या दालनाचें दार प्रथम दिसावें आणि कोणत्या दालनापर्यंत पोंचतां पोंचतां प्रेक्षकाचे पाय थकलेले असावेत, हें सर्व कोणीतरी ठरविलेलें असतें. जेथें निवड आहे आणि क्रम आहे तेथें लेखकही आहे, मग त्याचें नांव मुखपृष्ठावर असो वा नसो. मेक्सिको शहरांतील राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालय हा या अर्थानें गेल्या शतकांतील एक मोठा ग्रंथच होय. आणि तो जितका सुंदर आहे तितकाच वादग्रस्तही आहे. त्याचें सौंदर्य मान्य करून त्याच्याशीं वाद घालावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

प्रथम सौंदर्याविषयीं. मेक्सिकोच्या राष्ट्रीय संग्रहालयाची स्थापना देश स्वतंत्र झाल्यावर लौकरच, १८२५ सालीं झाली. पुढें सुमारें शंभर वर्षें त्याचा संसार राजधानींतील जुन्या टांकसाळीच्या इमारतींत चालला होता. १९६३ सालीं चापुल्तेपेकच्या उपवनांत नव्या वास्तूचें काम हातीं घेण्यांत आलें, अवघ्या १९ महिन्यांत तें पुरें झालें, आणि १७ सप्टेंबर १९६४ रोजीं अध्यक्ष आदोल्फो लोपेस मातेओस यांच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. मुख्य वास्तुशिल्पी होते पेद्रो रामीरेस वास्केस. त्यांनीं मधोमध एक लांबरुंद चौक ठेविला व त्याच्या भोंवतीं दालनें बांधिलीं; ही कल्पना त्यांना उश्माल येथील प्राचीन माया लोकांच्या चौसोपी वास्तूवरून सुचली. चौकाच्या एका भागावर अजस्र छत्र पसरलेलें आहे, त्यास आधार एकच खांब, खांबावर होसे चावेस मोरादो यांच्या योजनेचें उठावाचें कोरीव काम, आणि खांबाभोंवतीं छतांतून पावसासारखें पाणी खालीं कोसळत असतें. पावसाच्या देवाला ज्या भूमींत सहस्रावधि वर्षें आळविलें गेलें, तेथें शास्त्राच्या मंदिरांतही पावसालाच गाभाऱ्याची जागा मिळावी, ही कल्पना कोणाही रसिकास डोलावयास लावील.

वाड्याच्या चौकाचें सुख ज्यांनीं अनुभविलें आहे त्यांना या योजनेचें मर्म निराळें सांगावयास नको. युरोपांतील कित्येक नामांकित संग्रहालयांत प्रेक्षक एकदां आंत शिरला कीं त्याला दालनामागून दालन असें जणुं हांकलें जातें. तिसऱ्या दालनांत तो थकतो, पांचव्यांत त्याला कांहीं दिसेनासें होतें आणि सातव्यांत तो बाहेर पडण्याची वाट शोधूं लागतो. येथें प्रत्येक दालनास चौकांत उघडणारें दार आहे. कंटाळा आला कीं बाहेर यावें, पाण्याचा आवाज ऐकत बसावें, मग वाटेल त्या दारानें पुन्हां आंत जावें. कित्येक दालनांच्या पलीकडच्या अंगासही बागा आहेत. माया दालनामागच्या झाडींत तर मंदिराची प्रतिकृतिच उभी केलेली आहे. थकलेल्या माणसाची इतकी काळजी ज्यानें वाहिली त्या वास्तुशिल्पीस माणसें कळत होतीं, असेंच म्हटलें पाहिजे.

मग वाद कशाविषयीं ? तो चौकांत उभें राहून समोर पाहिलें कीं सुरू होतो. प्रवेशद्वारापासून निघणारी सरळ रेषा छत्राखालून, तळ्याच्या कांठानें, थेट समोरच्या एका दालनांत जाऊन पोंचते. हें दालन मेशीका लोकांचें, म्हणजे ज्यांना आपण इंग्रजी पुस्तकांच्या संवयीनें आझ्टेक म्हणतों त्यांचें. इतर दालनें चौकाच्या दोन बाजूंस ओळीनें उभीं आहेत. हें एक मात्र दरबारांतील सिंहासनासारखें समोर. आंत गेल्यावर ती रेषा आणखी पुढें जाते आणि जेथें थांबते तेथें उंच चौथऱ्यावर, अंधुक गाभाऱ्यांत, सूर्यशिला उभी केलेली आहे : व्यास सुमारें ३.६ मीटर, वजन सुमारें २४ टन. मध्यभागीं जीभ बाहेर काढलेला मुखवटा, त्याच्या भोंवतीं लयास गेलेल्या चार पूर्वयुगांच्या सूर्यांचीं चिन्हें, त्यांच्या भोंवतीं वीस दिवसांचीं चिन्हें, आणि सर्वांना वेढून दोन अग्निसर्प. मेक्सिकोच्या दहा पेसोंच्या नाण्यावर हिचाच मध्यभाग छापलेला असतो.

या शिलेच्या कोरीव कामाविषयीं कितीही लिहिलें तरी थोडेंच होईल. परंतु तिच्या मांडणीविषयीं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बहुतेक अभ्यासकांच्या मतें ही शिला अशी उभी ठेवण्यासाठीं घडविलेलीच नव्हती. ती आकाशाकडे तोंड करून जमिनीवर आडवी असावयाची, आणि तिच्यावर नरबलीसंबंधीं विधि व्हावयाचे. ती रंगविलेली होती, तेव्हां लाल आणि पिवळ्या रंगांत ती आजच्या गंभीर करड्या रूपाहून कितीतरी निराळी दिसत असली पाहिजे. १७ डिसेंबर १७९० रोजीं राजधानीच्या मुख्य चौकाच्या फरसबंदीच्या कामांत ती सांपडली, आणि पुढें १८८५ पर्यंत ती मुख्य ख्रिस्तमंदिराच्या मनोऱ्याच्या भिंतीस टेकून उभी होती. आडव्या शिलेला उभें प्रथम केलें तें अशा रीतीनें; पण तेव्हां ती निदान रस्त्यावर, ऊनपावसांत, जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या हाताला लागेल अशी होती. संग्रहालयानें तिला गाभाऱ्यांत नेऊन बसविलें. जिच्यावर बळी द्यावयाचा ती शिला येथें स्वतःच पूजास्थान होऊन बसली आहे, आणि येणारा प्रेक्षक टोपी काढतो तो कोणापुढें, देवापुढें, कलेपुढें कीं राज्यापुढें, हें त्याचें त्यालाही उमगत नाहीं.

याच दालनांत कोआत्लिक्वे आहे. आमच्या मतें सबंध संग्रहालयांत तिच्या तोडीची दुसरी वस्तु नाहीं. कोआत्लिक्वे म्हणजे नागांचें वस्त्र ल्यालेली. ती देवांची माता. मूर्ति अडीच मीटरांहून उंच आहे. धडावर मानवी मस्तक नाहींच; मान तोडलेली, आणि त्या तुटल्या मानेंतून उसळणाऱ्या रक्ताचे दोन सर्प होऊन त्यांचीं तोंडें समोरासमोर आलेलीं आहेत, तेव्हां दोन अर्ध्या मुखांचा मिळून एक भयंकर चेहरा दिसतो. गळ्यांत मानवी हातांची व हृदयांची माळ, तिचें पदक म्हणजे कवटी. कमरेस विणलेल्या नागांचा घागरा. पायांना गरुडाचे पंजे. आणि या सगळ्याहून विलक्षण गोष्ट ही कीं मूर्तीच्या तळव्यावर, जो भाग सदैव जमिनीस टेकलेला असावयाचा त्यावर, पृथ्वीदेवतेची आकृति तितक्याच निगुतीनें कोरलेली आहे. ती कोणासही दिसावयाची नव्हती. ज्या कारागिरानें ती कोरली त्यानें ती प्रेक्षकासाठीं कोरली नाहीं; प्रेक्षक नांवाचा प्राणी त्याच्या हिशेबींच नव्हता. आजचें संग्रहालय मात्र सर्वस्वी प्रेक्षकासाठीं आहे, आणि मूर्ति व तिचें घर यांच्यांतला हा विरोध कोणत्याही वास्तुशिल्पीस मिटवितां येण्यासारखा नाहीं.

तिची कथा ऐकण्याजोगी आहे. १३ ऑगस्ट १५२१ रोजीं मेशीकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिश सैन्याच्या व त्याच्या देशी मित्रांच्या हातीं पडली. आणि बरोबर त्याच तारखेस, १३ ऑगस्ट १७९० रोजीं, ही मूर्ति त्याच जागीं जमिनींतून वर आली. व्हाइसरॉयनें ती विद्यापीठांत नेऊन ठेवण्याची आज्ञा केली. शास्त्रज्ञ आंतोनिओ दे लेओन इ गामा यांनीं तिच्यावर व सूर्यशिलेवर १७९२ सालीं ग्रंथही प्रसिद्ध केला. पण विद्यापीठांतील विद्वानांना लौकरच कळून आलें कीं मूर्तीकडे येणारे सर्वच जण ज्ञानार्थी नसतात. देशी लोक गुपचुप येऊन तिला फुलें वाहतात, दिवे लावतात. झालें, मूर्ति विद्यापीठाच्या आवारांतच पुरून टाकण्यांत आली. १८०३ सालीं सुप्रसिद्ध जर्मन प्रवासी हुम्बोल्ट तेथें आला असतां त्याच्या आग्रहाखातर, आणि एका बिशपच्या मध्यस्थीनें, ती पुन्हां उकरून काढिली. त्याचें पाहून झालें आणि ती पुन्हां मातीआड गेली. देश स्वतंत्र झाल्यावर ती कायमची वर आली खरी, तथापि तिला मानाची जागा मिळावयास आणखी अनेक वर्षें जावीं लागलीं. आधीं देवी, मग सैतान, मग विद्रूप विचित्र वस्तु, आणि शेवटीं कलेची श्रेष्ठ कृति, असें तिचें स्थित्यंतर ओक्ताव्हिओ पाझ या कवीनें एका निबंधांत वर्णिलें आहे. दगड तोच, बदलत गेलें तें पाहणाऱ्याचें मन. आम्हांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं ‘श्रेष्ठ कलाकृति’ ही तिची शेवटची अवस्था आहे असें मानण्याचेंही कारण नाहीं.

पाझ यांचें नांव आपल्याकडे अपरिचित नाहीं. १९५१ सालीं मुंबई बंदरांत उतरल्यावर त्यांनीं घारापुरीचीं लेणीं पाहिलीं. पुढें १९६२ ते १९६८ पर्यंत ते दिल्लीस मेक्सिकोचे राजदूत होते. १९९० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. २ ऑक्टोबर १९६८ रोजीं, ऑलिंपिक सामने सुरू होण्यास दहा दिवस उरले असतां, मेक्सिको शहरांतील त्लातेलोल्कोच्या चौकांत जमलेल्या विद्यार्थ्यांवर सरकारी गोळीबार झाला. मृतांचा खरा आंकडा अजूनही निर्विवाद ठरलेला नाहीं. पाझ यांनीं दिल्लींतील आपलें पद सोडलें. पुढें टेक्सस विद्यापीठांतील १९६९ च्या व्याख्यानावरून त्यांनीं ‘पोस्दाता’ हें पुस्तक सिद्ध केलें. तें १९७० सालीं बाहेर पडलें, आणि त्यांत या संग्रहालयावर आजवर झालेली सर्वांत कडक टीका आहे. जातां जातां हेंही सांगितलें पाहिजे कीं संग्रहालयाचे वास्तुशिल्पी रामीरेस वास्केस हेच त्या ऑलिंपिक सामन्यांच्या व्यवस्थामंडळाचे अध्यक्ष होते.

पाझ यांचें म्हणणें थोडक्यांत असें : मेक्सिकोच्या भूमीवर तीन सहस्र वर्षांत अनेक संस्कृति नांदल्या. ओल्मेक झाले, तेओतिवाकानचें महानगर झालें, माया झाले, ओआहाकाचे सापोतेक झाले. मेशीका हे सर्वांत शेवटीं आलेले. त्यांची राजधानी १३२५ च्या सुमारास वसली आणि त्यांचें साम्राज्य उणेंपुरें एक शतकही टिकलें नाहीं. असें असतां संग्रहालयांत इतर सर्व संस्कृति मेशीकांच्या पूर्वतयारीसारख्या मांडलेल्या दिसतात, आणि शेवट होतो तो त्यांच्या जयजयकारांत. कां ? तर आजचें केंद्रीय सरकार स्वतःला मेशीका सम्राटांच्या गादीवर बसलेलें समजतें म्हणून. पिरामिडाच्या शिखरावरून एकानें आज्ञा करावी आणि खालच्यांनीं रक्त द्यावें, ही जी राज्याची कल्पना, तिचीच हें संग्रहालय पूजा करतें. आणि तीच कल्पना त्लातेलोल्कोच्या चौकांत पुन्हां दिसली.

या टीकेचा पूर्वार्ध आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. त्यास एक उदाहरणही जोडतां येईल. पश्चिम मेक्सिकोंतील पुरेपेचा लोकांस मेशीका सैन्य कधींच जिंकूं शकलें नाहीं. त्यांच्याकडून त्यानें मोठे पराभवही खाल्ले. पण पश्चिमेचें दालन पाहावयास किती लोक जातात ? तेथें राजकारणाचे प्रचंड पाषाण नाहींत. तेथें मातीचीं गुबगुबीत कुत्रीं आहेत, बसलेलीं दांपत्यें आहेत. जिंकणाऱ्याचा दगड मोठा असतो आणि संग्रहालयांत दगडाच्या आकारावरून थोरवी ठरते, हें जुनें दुखणें येथेंही आहेच. संग्रहालयाच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल कीं मेशीकांच्या राजधानीवरच आजची राजधानी बांधलेली असल्यामुळें पायाचें खणतीकाम निघालें कीं त्यांचाच दगड वर येतो. मोठें दालन कोणास तरी द्यावें लागणारच होतें. आणि प्रत्येक दालनास चौकाचें दार असल्यामुळें सिंहासनाकडे पाठ फिरवून सरळ माया दालनांत जाण्याची मुभा प्रेक्षकास आहे. ही मुभा लहान नव्हे. दरबारांत ती कोण देतो ?

परंतु उत्तरार्ध ? तेथें कवीची प्रतिभा टीकाकाराच्या पुढें धांवली असें आम्हांस वाटतें. १९६८ चा गोळीबार हा जर पिरामिडाच्या अदृश्य छायेचा परिणाम मानला, तर ज्या कोणीं हुकूम दिले त्यांचा अपराध हलका होतो. दगडाला शिक्षा करतां येत नाहीं. आणि पांचशें वर्षांपूर्वींच्या पुरोहितालाही आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करतां येत नाहीं. विद्यार्थ्यांवर बंदूक चालविण्यास कोणत्याही देशाच्या सरकारला नरबलीची परंपरा लागत नाहीं, याचीं उदाहरणें जगांत हवीं तितकीं आहेत. संग्रहालयाचा दोष दाखविण्यासाठीं पाझ यांना इतक्या दूर जाण्याची गरज नव्हती. तो दोष दाराशींच उभा होता, आणि त्याचें वजन १६५ टनांहून अधिक होतें.

संग्रहालयाच्या बाहेर, राजरस्त्याच्या कडेस, सात मीटर उंचीचा एक पाषाण उभा आहे. त्यास पाऊसदेव त्लालोक म्हणतात. कांहीं विद्वान् ती जलदेवता चाल्चिउत्लिक्वे असल्याचेंही मानतात. हा पाषाण सान मिगेल कोआत्लिंचान या गांवचा. तेश्कोको भागांतील या गांवाबाहेर एका ओढ्याच्या पात्रांत तो शतकानुशतकें उताणा पडलेला होता. त्याच्या अंगावरील वाटीसारख्या खळग्यांत पाणी सांचे. गांवकरी सुटीच्या दिवशीं तेथें वनभोजनास जात, मुलें त्याच्यावर चढत, आणि पाऊस पडतो तो या दगडाच्या कृपेनें अशी श्रद्धा होती. नव्या संग्रहालयासाठीं तो हलविण्याचें सरकारनें ठरविलें. अनेक चाकांची एक अजस्र गाडी मुद्दाम तयार करण्यांत आली, दगडाला लोखंडी दोरांनीं टांगण्यांत आलें. आणि मग एका रात्रीं गांवकऱ्यांनीं ते दोर सोडविले, चाकांतली हवा काढली, यंत्रें बिघडविलीं. सरकारनें सैन्य आणून बसविलें. मोबदला म्हणून शाळा, दवाखाना इत्यादि सोयींचें आश्वासन मिळालें. १६ एप्रिल १९६४ रोजीं दगड निघाला. राजधानीच्या मुख्य चौकांतून त्याची मिरवणूक दिव्यांच्या झगमगाटांत गेली, दुतर्फा हजारों लोक उभे होते. आणि ऐन उन्हाळ्यांत, पावसाचा मोसम नसतांना, त्या रात्रीं धो धो पाऊस कोसळला. वर्तमानपत्रांना याहून चांगला मजकूर कोठें मिळणार ! देव प्रसन्न झाला, असें राजधानीनें मानिलें. गांवानें काय मानिलें असेल याची कल्पना वाचकानेंच करावी.

शाळा आणि दवाखाना या वाईट वस्तु आहेत असें कोणीही म्हणणार नाहीं. प्रश्न इतकाच कीं शाळा व दवाखाना हा नागरिकाचा हक्क, तो देवाच्या मोबदल्यांत मिळावा असा सौदा राज्यानें आपल्याच प्रजेशीं करावा काय ? आणि प्रजेपैकीं याच प्रजेशीं कां ? राजधानींतील एखाद्या श्रीमंत ख्रिस्तमंदिराची वेदी राष्ट्रीय संग्रहालयासाठीं सैनिक पाठवून उचलून नेण्याचें कोणाच्या मनांतही आलें नसतें. २००७ सालीं गांवाच्या चौकांत त्या पाषाणाची एक प्रतिकृति उभारण्यांत आली, आणि २०१३ सालीं ‘अनुपस्थित शिला’ अशा अर्थाच्या नांवाचा एक बोलपटही या प्रकरणावर निघाला. मूळ पाषाण मात्र मोटारींच्या धुरांत उभा आहे. उभा, आडवा नाहीं. सूर्यशिलेप्रमाणें यालाही राजधानींत येतांच उभें राहावें लागलें.

या गोष्टीच्या शेजारीं दुसरी एक गोष्ट ठेवून पाहावी. मेशीका दालनांत क्वेत्साल पक्ष्याच्या हिरव्या पिसांचा एक भव्य मुकुट आहे. सम्राट मोक्तेसुमाचा म्हणून तो प्रसिद्ध आहे, जरी तो त्याच्याच मस्तकावर होता असा पुरावा नाहीं. पण येथें आहे ती १९४० मध्यें केलेली प्रतिकृति. अस्सल मुकुट व्हिएन्नाच्या संग्रहालयांत आहे, आणि तो परत मिळावा ही मेक्सिकोची जुनी मागणी आहे. २०२० सालींही ती पुन्हां करण्यांत आली. व्हिएन्नाचें उत्तर असें कीं पिसें इतकीं जीर्ण झालीं आहेत कीं प्रवासांतील हादरे तीं सोसणार नाहींत. मेक्सिकोची मागणी न्याय्य आहे, याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. परंतु व्हिएन्ना जें मेक्सिकोस सांगतें तेंच राजधानी कोआत्लिंचानला सांगत आली आहे : वस्तु आमच्याकडे सुरक्षित आहे, आमच्याकडे ती अधिक लोकांस दिसते, आणि तुमच्यासाठीं प्रतिकृति आहेच. सुरक्षिततेचा मुद्दा तर १९८५ च्या नाताळच्या पहाटेस पुरताच लंगडा पडला. त्या रात्रीं चोरट्यांनीं कांचेच्या कपाटांतून शंभराहून अधिक अमोल वस्तु पळविल्या. पालेंकेचा राजा पाकाल याच्या समाधींत १९५२ सालीं सांपडलेला हिरव्या मण्यांचा मुखवटाही त्यांत होता. बहुतेक वस्तु १९८९ सालीं परत मिळाल्या, हें देशाचें भाग्य.

आतां माडीविषयीं. खालच्या मजल्यावर प्राचीन संस्कृति आणि वरच्या मजल्यावर त्यांच्याच वंशजांचें आजचें जीवन, अशी इमारतीची योजना आहे. खालीं ओआहाकाचे प्राचीन अवशेष, तर वर ओआहाकाचे आजचे लोक. खालीं माया राजे, वर माया शेतकरी. पूर्वज पायाशीं आणि संतति माथ्यावर, ही कल्पना उदात्त आहे. पण व्यवहारांत होतें काय, तर खालचे पाषाण पाहतां पाहतांच दिवस संपतो आणि जिने चढावयास त्राण राहत नाहीं. जे चढतात त्यांना माणसांचे पुतळे दिसतात. अंगावर अस्सल विणकामाचे कपडे, भोंवतीं झोंपडी, चूल, माग, मुखवटे. सर्व कांहीं नीट आणि सर्व कांहीं स्तब्ध. २०२० च्या जनगणनेंत तीन वर्षांवरील ७३ लाखांहून अधिक लोकांनीं आपण मूळच्या भाषा बोलतों असें नोंदविलें आहे, आणि अशा ६८ भाषांना तेथील राज्यानें मान्यता दिली आहे. एवढ्या मोठ्या जिवंत समाजाला पुतळ्यांच्या रूपांत भेटावें लागणें कसेंसेंच वाटतें. मृत देव खालीं इतके जिवंत, आणि जिवंत माणसें वर इतकीं निर्जीव, हा कारागिरीचा दोष नव्हे. दृष्टीचा आहे : देशी माणूस प्राचीन असेल तर तो राष्ट्राचा पूर्वज, आणि आजचा असेल तर अभ्यासाचा विषय.

तरीसुद्धां मराठी माणसानें ती माडी चुकवूं नये. मृतांच्या स्मरणासाठीं नोव्हेंबरच्या आरंभीं तिकडे जी वेदी मांडतात तिच्यावर झेंडूच्या फुलांची रास असते. आपल्या दसऱ्याचें तोरण ज्या झेंडूवांचून होत नाहीं तो मूळचा मेक्सिकोचाच. आपला निशिगंधही तिकडचाच. आणि मिरचीवांचून आपलें एक दिवस भागत नाहीं, तिची तर गोष्टच नको. पाटा आणि वरवंटा तेथें खालच्या मजल्यावर सहस्रावधि वर्षांपूर्वींचा म्हणून ठेवला आहे आणि वरच्या मजल्यावर आजचा म्हणून. दोहोंत फरक शोधूनही सांपडावयाचा नाहीं. मका चुन्याच्या पाण्यांत भिजवून त्यावर वाटावयाचा आणि तव्यावर भाकरी टाकावयाची, हा क्रम तेव्हांपासून आजतागायत चालत आला आहे. आमच्या हातीं असतें तर आम्हीं हे दोन पाटे एकाच कपाटांत, शेजारीं शेजारीं ठेविले असते, आणि सूर्यशिलेच्या गाभाऱ्यासमोरची जागा त्यांना दिली असती.

मक्याचें नांव निघालें म्हणून आणखी एका माणसाची आठवण देतों. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे, गदर पक्षाच्या संस्थापकांपैकीं एक, १९२४ च्या सुमारास मेक्सिकोस पोंचले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयांत अध्यापक झाले. मक्याच्या जातींवर त्यांनीं संशोधन केलें, आणि गरीब शेतकऱ्यांसाठीं मुक्त कृषिशाळा काढल्या. टीना मोदोत्ती या छायाचित्रकर्त्रीनें त्यांचीं व त्यांच्या मक्याच्या कणसांचीं छायाचित्रें घेतलीं; चित्रकार डिएगो रिव्हेरा यांनीं त्यांना आपल्या भित्तिचित्रांत स्थान दिलें. हें चापिंगो तेश्कोको भागांतच आहे. तेथून कोआत्लिंचान चार मैलांच्या आंत. खानखोजे तेथें शिकवीत होते तेव्हां तो पाषाण ओढ्यांतच पडलेला होता. देशी शेतकऱ्याला पूर्वज किंवा पुतळा न समजतां त्याच्या शेतांतल्या बियाण्याची चौकशी करणारा हा परका माणूस. संग्रहालयाच्या दृष्टीहून निराळी दृष्टि शक्य होती, आणि ती त्याच मातींत, त्या पाषाणाच्या शेजारीं, वावरत होती, हें सांगण्यासाठींच हा उल्लेख केला.

२०२५ सालीं या संग्रहालयाला स्पेनचें एक मोठें पारितोषिक, सलोख्यासाठीं म्हणून दिलें जाणारें, मिळालें. ज्या देशाच्या सैन्यानें तेनोच्तित्लान जमीनदोस्त केलें त्यानेंच तें द्यावें, यावर तिकडे बरेंच लिहिलें बोललें गेलें असेल. आम्हांस त्यांत विशेष रस नाहीं. सलोखा कोणाशीं करावयाचा राहिला आहे हें पाहावयास समुद्र ओलांडावा लागत नाहीं. संग्रहालयाच्या दारासमोरच्या झाडींत एक उंच खांब रोवलेला आहे. तोतोनाक जमातीचे पांच पुरुष, लाल पायघोळ नेसून, त्यावर चढतात. एकजण टोंकावर बसून बांसरी व लहानसें ढोलकें वाजवितो. बाकीचे चौघे कमरेला दोर बांधून, डोकें खालीं करून, गिरक्या घेत घेत हळूहळू जमिनीवर उतरतात. पाऊस आणि पीक यांच्यासाठींचा हा फार जुना विधि. ज्यांचा वेश आंत माडीवर मांडलेला असावयाचा ते हे लोक बाहेर रस्त्यावर असतात. सर्वजण खालीं उतरले कीं त्यांच्यांतला एकजण टोपी घेऊन बघ्यांमधून फिरूं लागतो.